विकतचा अनारसा

हल्ली अधिक महिना लागायच्या आधीच आमच्या नगरात सावेडीच्या रस्त्यावर मोठमोठे फलक लागतात. चांदीचं ताट, चांदीचा दिवा आणि मधोमध एक गोरागोमटा जावई, ज्याच्यासारखा जावई आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिलेला नाही. आमच्या भिशीतल्या बायका तो फलक बघून उसासे टाकतात, सणांचा नुसता बाजार मांडलाय म्हणतात, आणि उसासा पुरता बाहेर पडायच्या आत कुठल्या सराफाकडं घडणावळ माफ आहे ते मोबाईलवर एकमेकींना दाखवतात. मी त्यांच्यात बसते, चहा पिते आणि गप्प राहते. गप्प राहणं हा माझा स्वभाव नव्हे, हे घरचे-दारचे कुणीही सांगतील. पण बाजाराला शिव्या घालायची पाळी आली की माझी जीभ अडते. आणि खरं सांगायचं तर मला दुकानं आवडतात. काचेआड मांडलेली वस्तू बघितली की या वयातही मी लहान पोरीसारखी उभी राहते. सून दंडाला धरून ओढते तेव्हा कुठं पाय हलतात.

आमचं गाव सुप्याच्या पुढं, पुणे रस्त्यापासून आत. कांदा, ज्वारी, दोन म्हशी, आणि घरात आई, अण्णा, शकूताई आणि मी. दर तीन वर्षांनी अधिक महिना यायचा. त्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेकी-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, आणि तेहेतीस अनारशांचं ताट दिव्यासकट त्याच्या हातात द्यायचं. हेच वाण. मग पुरणाचे धोंडे वाफवून वर तुपाची धार. या एका महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. एरवी ज्याला सासरा बांधावर उभं करणार नाही तोही या महिन्यात ओल्या पायांनी पाटावर बसलेला असतो, आणि सासूबाई पदरानं वारा घालत असतात. मला लहानपणी याचं भारी नवल वाटायचं. हे एवढं प्रेम बाकीचे महिने कुठं ठेवतात, असं मी एकदा विचारलं होतं आणि आईच्या हातचा धपाटा खाल्ला होता.

गावात अनारसा करावा तर आमच्या आईनं. तांदूळ भिजत घालून रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पंचावर सुकवायचे, उखळात कुटायचे, चाळायचे, गुळात मळून डब्यात दाबून ठेवायचे. डब्याचं झाकण काढलं की एक आंबूस-गोड वास यायचा. तो वास मला आजही कुठं आला तर मी मान वळवते. खसखशीवर अनारसा थापून आई तो तुपात सोडायची आणि झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायची, उलटा म्हणून करायचा नाही. बघता बघता त्याला जाळी पडायची. जाळी कशी पडते ते मी शेकडो वेळा बघितलं असेल, पण प्रत्येक वेळी श्वास रोखून. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरघळून फुटतो, त्याला अनारसा हसला म्हणतात. गावातल्या बाकी बायकांचे अनारसे अधूनमधून हसायचे. आईचा एकही हसायचा नाही. शेजारपाजारच्या बायका घाण्याच्या दिवशी तिला बोलवायला यायच्या आणि आई पदर खोचून एखाद्या डॉक्टरीणबाईसारखी निघायची.

आणि गंमत बघा, एवढी अनारशांची राणी, पण तिच्या माहेराहून आमच्या अण्णांना धोंड्याचं वाण कधी आलं नव्हतं. एकदाही नाही. आईचं माहेर शिंगणापूर, शनीचं. तिची आई ती दोन वर्षांची होती तेव्हाच गेली. धाकटा किसनमामा तर तेव्हा अंगावर पीत होता. आईला तिच्या आईचा चेहराही आठवत नव्हता. अनारसे ती इथं सासरी येऊन आमच्या आजीकडून शिकली. आजोबांनी कधी अण्णांना धोंड्याला बोलावलं नाही, आणि आजोबा गेल्यावर किसनमामानंही नाही. मामाचं लग्न काही जमलं नाही. तो देवस्थानाच्या रस्त्यावर एका दुकानात कामाला होता, तेल आणि पूजेची ताटं विकायचा. भाऊबीजेला यायचा, उंबऱ्याशीच बसायचा, ओवाळणीत खण टाकायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पण धोंड्याच्या महिन्यात त्याचं दर्शन नाही. महिना लागला की आई आधी दोन दिवस वाटेकडं बघायची, मग बघायचं सोडून द्यायची, आणि त्या महिन्यात तिच्या हातून भाकरी जरा जास्तच जोरात थापली जायची. अण्णा एका शब्दानं बोलत नसत. पण गाव बोलायचं. आमची चुलत काकू, सरूकाकी, तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. शिंगणापुरातल्या घरांना दारं नसतात हे तर सगळ्यांना ठाऊक. एकदा भर पाणवठ्यावर ती आईला म्हणाली,

"कमल, तुज्या माहेरच्या घराला दारच न्हाई म्हनत्यात. मग वान यायला आडतंय कशानं?"

बायका हसल्या. आईही हसली. घरी येऊन तिनं हंडा असा आदळला की त्याला पोचा आला. तो पोचा शेवटपर्यंत तसाच होता.

मी सांगतेय तो धोंडा शकूताईच्या लग्नानंतरचा पहिला. जावईबापू नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. माणूस सालस, बोलणं कमी, शर्टाच्या खिशाला नेहमी पेन. पहिला धोंडा म्हणजे सासूची परीक्षाच, आणि त्यात त्या साली सगळीकडं वारं वेगळंच होतं. सुप्याला कारखाने आले होते, घरटी एखादा पगारी माणूस झाला होता, आणि गावात जो तो एकच प्रश्न विचारत होता, जावयाला काय घातलं? कुणी अंगठी घातली, कुणी घड्याळ घातलं. एकानं तर मोटरसायकल घातली आणि ती हार घालून वेशीपासून मिरवत आणली. जावई वर बसलेला आणि सासरा पुढं चालत गर्दी बाजूला सारतोय. ती मिरवणूक बघून माझ्या अंगावर काटा आला होता. थट्टा नाही, खरंच आला होता. वस्तू एवढी चकाकू शकते हे मला माहीतच नव्हतं.

जावईबापूंना कपडे घ्यायला आई मला नगरला घेऊन गेली. मी कापडबाजार आधी बघितला होता, पण त्या दिवशीचा नव्हे. दुकानादुकानांवर दिव्यांच्या माळा, भर दुपारी पेटलेल्या. धोंड्यानिमित्त, जावयानिमित्त, अधिकानिमित्त अशा पाट्या. एका भांड्यांच्या दुकानात चांदीसारखी दिसणारी ताटं एकावर एक रचून थेट माळ्याला टेकवली होती, आणि प्रत्येक ताटात मी होते. एवढ्या मी एका जागी मी कधी बघितल्या नव्हत्या. आई घासाघीस करत होती आणि मी तोंड उघडं टाकून उभी. दुकानदारानं शेवटी मला हातात एक बत्तासा दिला, बहुतेक तोंड मिटावं म्हणून. आईनं सदरा-पायजम्याचं कापड, ताईला साडी आणि एक पितळी निरांजन घेतलं. चांदीच्या वस्तूंकडं तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. वाणात खरं काय असतं ते तिच्या डब्यात पिठाच्या रूपानं दबून बसलं होतं, आणि त्यावर तिचा पुरा भरवसा होता.

त्याच आठवड्यात गावात टेम्पो आला. कर्ण्यावर गाणी, मागं फळकूट टाकून खोक्यांची रास. त्याला तो माणूस जावई सेट म्हणत होता. पुठ्ठ्याचं खोकं, वर चकचकीत पारदर्शक कागद, कोपऱ्यात लाल फीत, आत पांढऱ्या धातूचं ताट, दिवा, आणि पिशवीत मोजून बांधलेले तेहेतीस अनारसे. तयार अनारसे! विकतचे! पारावरची माणसं अशी गोळा झाली की जणू टेम्पोतून वाघ आणलाय. आमच्याकडं वाणात बत्तासे दिले तरी ते हलकं समजत, आणि इथं तर अनारसाच कुण्या अनोळखी माणसानं केलेला, कुठल्या तुपात कोण जाणे. आईला बायकांनी मुद्दाम पुढं ढकललं. तिनं पिशवी उजेडात धरली, अनारसा कागदावरूनच चेपून बघितला आणि खोकं परत ठेवलं.

"आसला इकतचा अनारसा माज्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई," ती म्हणाली. "ज्याच्या घरात हात हायेत त्यानं ह्ये घिऊ नये."

सगळ्या पारानं ऐकलं. सरूकाकीनं तर पाठच करून ठेवलं असणार. मी मात्र टेम्पो वेशीबाहेर जाईपर्यंत त्याच्या मागं चालत गेले, त्या चकचकीत कागदासाठी. आत सगळं दिसतंय आणि हाताला काहीच लागत नाही, याचा मला अचंबा वाटत होता.

धोंडा जेवायचा दिवस रविवारचा ठरला, कारण जावईबापूंना सुट्टी. पण सुट्टी सगळ्या गावच्या जावयांना त्याच दिवशी. सकाळची एसटी वेशीशी थांबली आणि तिच्यातून नुसते जावईच जावई उतरू लागले. नवे कपडे, तेल लावलेले केस, मागं लेकी, कडेवर पोरं. कंडक्टर खाली उभा राहून "उतरा पावनं, सासरवाडी आली" म्हणत एकेकाला हात देत होता. घराघरातून पुरण शिजल्याचा वास, जात्यासारखी घरघर करणारे दोन नवे मिक्सर, आणि येळवणीच्या, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याच्या, आमटीला दिलेल्या फोडणीचा ठसका. सगळं गाव एकाच वेळी शिंकत होतं. आमच्या अंगणात जावईबापू आणि ताई पाटावर बसले. अण्णांनी परातीत त्यांचे पाय धुतले, आईनं पाणी घातलं, कुंकू लावलं आणि ताट दिलं. काय ते अनारसे! एकसारखे, बदामी, जाळी अशी की पलीकडचा उजेड दिसावा. जावईबापू खुर्चीवरच्या पेनवाल्या साहेबासारखे नव्हे, तर देवळात उभे असल्यासारखे ते ताट धरून बसले. सरूकाकीला बोलावलं होतंच. तिनं अनारशांकडं नीट निरखून बघितलं, खोड सापडली नाही, म्हणून ती आमटीत मीठ कमी आहे म्हणाली.

पंगत निम्मी झाली असेल. अण्णा कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात आमटीची बादली घेऊन वाढत होते. तेवढ्यात फाटकातून किसनमामा आत आला. मला आधी तो ओळखूच आला नाही, कारण तो धोंड्याच्या महिन्यात कधी दिसलेला नव्हता आणि त्याच्या अंगात नवा सदरा होता. छातीशी त्यानं काहीतरी धरलं होतं, त्यावर गमछा झाकलेला. आई चुलीपाशी होती, ती उठून उभी राहिली. पंगतीतले सगळे वळून बघायला लागले. भाचीचा पहिला धोंडा, तेव्हा मामा आला, बरोबरच आहे, असंच सगळ्यांना वाटलं. जावईबापू बिचारे घास टाकून हात पुसून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मामानं त्यांना मान लववून नमस्कार केला आणि त्यांच्या शेजारून पुढं गेला. थेट अण्णांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमचं वान हाय ह्ये."

अण्णांच्या हातातली बादली हातातच राहिली. त्यांच्या मिशा तेव्हा पिकायला लागल्या होत्या. आरं किसन, मी आता सासरा झालो, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि मामा म्हणाला, सासरा झाला म्हणून जावईपण सुटतं का? मग त्यानं गमछा काढला. चकचकीत कागद, लाल फीत. जावई सेट. अंगणात कुणी घास चावेना. मी सरूकाकीकडं बघितलं. सरूकाकी आईकडं बघत होती. सगळं अंगणच आईकडं बघत होतं.

मामा आईकडं वळला. एरवी उंबऱ्याशी बसून दोन शब्द बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला.

"आक्का, घरात बाईमानूस न्हाई. आबाला अनारसा येत न्हवता, मलाबी येत न्हाई. एकदा भावकीत सांगून बघितलं, तर म्हनल्या, आदी बायको आन, मंग वान दे. परत कुनाला इचारलं न्हाई. मोकळ्या हातानं कसं यायचं? औंदा आमच्या दुकानात ही खोकी आली. म्या पयलं खोकं फोडू दिलं न्हाई, बाजूला ठिवलं." तो थांबला. "इकतचं हाय. तुला चालंल का?"

आजवर मी किती तरी मोठी माणसं मोठमोठ्या गोष्टी बोलताना ऐकली. पण एवढ्या साध्या प्रश्नावर अख्खं अंगण असं टांगलेलं पुन्हा बघितलं नाही. बावीस वर्षं ज्याला तिनं मनातल्या मनात चिकट म्हटलं, निगरगट्ट म्हटलं, तो भाऊ केवळ अनारसा येत नाही म्हणून लाजून लांब राहिला होता. आणि जी गोष्ट त्याला बाईविना मिळत नव्हती, ती एका टेम्पोवाल्यानं खोक्यात बांधून त्याच्या दुकानात आणून टाकली होती. मला त्या वयात हे सगळं शब्दांत कळलं नाही. पण काहीतरी फार मोठं घडतंय एवढं कळलं.

आई चुलीपासून पुढं आली. तिनं हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, अण्णांच्या हातातली बादली काढून माझ्याकडं दिली आणि ताईनं मोकळा केलेला पाट उचलून अण्णांसाठी मांडला. दुसरा स्वतःसाठी. आणि बसली. आमची आई, जी सणाच्या दिवशी कधी खाली बसलेली आम्ही बघितली नव्हती, ती आपल्या लेकी-जावयासमोर नव्या नवरीसारखी मान खाली घालून नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली. ताईनं धावत जाऊन अण्णांची टोपी आणली. मामानं परातीत आधी अण्णांचे पाय धुतले. त्यांच्या भेगांतली माती निघेना, तर तो अंगठ्यानं घासून काढत राहिला आणि अण्णा आकाशाकडं बघत राहिले. मग त्यानं बहिणीचे पाय धुतले. पाणी मी घातलं. निम्मं पाणी बाहेर सांडलं, पण मला कुणी रागावलं नाही.

मग खोकं उघडेना. तसला कागद कुणी कधी फाडलेलाच नव्हता. मामा नखानं खरवडू लागला, अण्णांनी कोपरा ओढून बघितला, शेवटी जावईबापूंनी खिशातलं पेन काढून त्याचं टोक खुपसलं आणि कागद टर्रकन फाटला. तेवढं एक काम त्या दिवशी त्या पेनानं केलं. निरांजनातली वात काढून त्या नव्या दिव्यात लावली. मामानं ताट अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते कपाळाला लावलं, आणि हा माणूस, जो टेम्पो आल्यापासून पारावर बसून असल्या खोक्यांची टिंगल करत होता, ढसाढसा रडला. मला वडिलांना रडताना बघून भीती वाटायला हवी होती. तसं झालं नाही. मला वाटलं, आज मी काय काय बघून घेतेय.

ते ताट पुढं कितीतरी वर्षं आमच्या देवघरात होतं. त्याचा पांढरा मुलामा पहिल्या दोन-तीन घासण्यांतच गेला आणि खालून लाल पत्रा निघाला. आई ते चिंचेनं घासायची नाही, नुसतं फडक्यानं पुसायची. चकचकीत कागद मी माझ्या पुस्तकांना घातला. आता माझी भिशी मला विचारते, यंदा तुम्ही जावयाला अनारसे घरी करणार का आणणार. मी म्हणते, दोन्ही. बायका हसतात, म्हातारपणी हौस बघा. हसू द्या. माझ्या हातचे अनारसे बरे होतात, आईसारखे होत नाहीत. पण एक पाकीट मी दुकानातून आणतेच, सगळ्यात साध्या दुकानातून, आणि ते आधी ताटात ठेवते.

तर त्या दिवशी वाण झालं, आणि रीतीप्रमाणे ताटातले अनारसे पंगतीत फिरले. मीही एक तोंडात टाकला. वातड होता, डालड्याचा वास मारत होता, खसखस जळलेली. अण्णांनी आपला पुरता खाल्ला. आईनं एक हातात घेतला, जाळीकडं बघितलं, मोडला आणि खाल्ला. अख्ख्या गावात अनारशाबद्दल तिच्या तोंडून खोटं कधी निघालेलं नव्हतं. सख्ख्या जावेचा बिघडला तरी ती तोंडावर सांगायची. सरूकाकीला हे ठाऊक होतं, म्हणूनच ती सरकत जवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं कमल, कसा हाय इकतचा?"

किसनमामानं मान खाली घातली. आई घास गिळेपर्यंत थांबली.

"माज्या आईच्या हातचा आसाच लागायचा," ती म्हणाली.

सरूकाकी तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला, आणि आईनं उरलेला अर्धा तिच्या हातावर ठेवला.